तुला न विचारता काढला

नागपूर, १२ जून

प्रिय संज्या,

मोक्षधामवरून माझ्या स्कूटरवर परत आलो आणि तू बडकस चौकात उतरलास, त्यानंतर आपण धड बोललोच नाही. फोनवर "हो, बरा, तू?" एवढंच. पाच महिने झाले बे. नंबर काढायचो, काय बोलावं सुचायचं नाही, मग क्रिकेटचा स्कोअर बघून फोन खाली ठेवायचो. शिव्या घाल, ऐकून घेतो. पण आज लिहायला बसलो ते त्यासाठी नाही. एक गोष्ट झाली आहे. शुभाला सांगून पाहिली, तर ती म्हणाली, "मग आता चालू झाला ना?" ऑफिसात सांगण्यासारखी ती नाहीच. उरलास तू.

तब्येत: माझी शुगर काठावर, आईचे गुडघे होते तसेच, ओजसचा पुढचा दात पडला. झालं.

तर आपला डब्बा, गिटारचा तो ट्यूबवाला अँप, बिघडला होता. लग्न, नोकरी, बदली यांत दहा वर्षं तो दिवाणाखालीच होता, ते तुला माहीत आहे. गेल्या नोव्हेंबरात काढला, पुसला, सिरीज बोर्डावर शंभराच्या बल्बमधून हळूच चालू केला, तर पठ्ठ्या पहिल्या झटक्यात बोलला. मी त्याला गच्चीवरच्या खोलीत नेऊन ठेवलं. हिवाळाभर रोज रात्री अर्धा तास वाजवायचो. पाचच वॅट, पण खाली आईला देवघरात ऐकू यायचं.

मेमध्ये पारा ४५च्या वर गेला आणि नाटक सुरू झालं. पहिली वीस मिनिटं साफ, मग हळूहळू घरघर, आणि तासाभराने एवढी की गिटार त्याच्या मागून ऐकू यावी. ओजस म्हणाला, "बाबा, हा घोरून राहिला." तू म्हणशील, अर्थिंग. तुझं सगळ्या रोगांवर एकच औषध, अर्थिंग. २०११च्या गॅदरिंगलाही स्टेजमागे पाण्याचा पाइप शोधत फिरत होतास आणि इकडे बंट्याने माइकची वायरच उपटून ठेवली होती.

मी आधी कूलर धरला. एकाच बोर्डावर दोघं, मोटर जुनी, पंप त्याहून जुना. कूलर बंद करून तपासलं. घरघर तशीच. भर मेमध्ये कूलर बंद केला म्हणून शुभा दोन दिवस बोलली नाही, तो हिशेब वेगळा.

मग गिटारवर सूर जुळवून पाहिला. जाड तारेचा तिसरा पडदा, म्हणजे ९८ हर्ट्झ, त्याच्या अगदी शेजारी घरघर बसत होती. म्हणजे १०० हर्ट्झ. ट्यूब तापवणाऱ्या फिलामेंटच्या वायरिंगची असती तर ५०ची असती, एक सप्तक खाली. शंभरची आली म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरच्या पुढे, घरघर गाळणारे फिल्टर कंडेन्सर सुकले असणार. स्वतःवर खूश होऊन बर्डीवर गेलो. दुकानात ट्यूबच्या अँपचं काम आहे म्हटलं, तर काउंटरवरच्या पोट्ट्याने समोरच्या सायकलच्या दुकानाकडे बोट दाखवलं. म्हटलं व्हॉल्व्हचा अँप रे, तर म्हणतो, तेच सांगून राहिलो, व्हॉल्व्ह पण तिथेच भेटते.

शेवटी ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे मिळाले. जुने काढायच्या आधी रेझिस्टर लावून रिकामे केले, मीटरने शून्य पाहिलं, आणि एक हात खिशात. काकांचा नियम. फक्त काका बाराही महिने पायजम्यात असायचे. मी लुंगीत होतो, लुंगीला खिसा कुठून आणू? डावा हात पाठीमागे बांधल्यासारखा धरून सगळे डाग दिले. ओजसने फोटो काढलाय, तुला पाठवणार नाही.

नवे कंडेन्सर बसले आणि डब्बा वीस मिनिटांनी पुन्हा घोरायला लागला.

मधे एक फाटा फुटला. रात्री दहानंतर आमच्याकडे लाइन २४६ असते. डब्ब्याचा ट्रान्सफॉर्मर २२०चा, म्हणजे ६.३ व्होल्टच्या फिलामेंटला सात मिळत होते. बारा व्होल्टचा जुना ट्रान्सफॉर्मर घेतला, त्याची सेकंडरी लाइनला उलटी जोडली की बारा व्होल्ट वजा व्हायला पाहिजेत. मी हौसेने जोडलं आणि मीटर लावला तर २५८. सेकंडरी सुलटी जोडली गेली होती. डब्बा लावलेला नव्हता म्हणून वाचलो. तू असतास तर हे पुढची वीस वर्षं लग्नाकार्यात सांगितलं असतंस. टोकं बदलून २३४ झाले, फिलामेंट जागेवर आलं, पण घोरणं कमी झालं नाही.

आता मुख्य गोष्ट. एका रात्री लाइट बंद करून, उघड्या अंगाने, नुसताच त्याच्यासमोर बसलो होतो. ईएल८४ची, म्हणजे मागच्या पॉवर ट्यूबची, करडी प्लेट एका बाजूने लालसर व्हायला लागली. फिलामेंटचा नारिंगी उजेड नव्हे, तो वर आणि खाली दिसतोच. ही प्लेटच, चुलीतल्या तव्यासारखी. घाईने बंद केला. कॅथोडवर मोजलं होतं १६.८ व्होल्ट, खाली २७० ओहम, म्हणजे ६२ मिलिअँपिअर. स्क्रीनचे वजा केले तरी प्लेट चौदा वॅटच्या वर खाऊन राहिली होती आणि त्या बिचारीची मर्यादा बारा. व्हॉल्व्ह गेला असेल म्हणून स्लोव्हाकियात बनलेला नवा मागवला. तोही लाल.

मग मी आपलं जुनं डोकं चालवलं: पुढचा १२एएक्स७ उपटून बघ. घरघर थांबली तर दोष त्याच्या आधी, राहिली तर त्याच्या नंतर. उपटला, तर घरघर राहिली. इथपर्यंत ठीक. पण प्लेट आणखी लाल झाली! पुढची ट्यूब काढल्यावर मागची जास्त का तापावी? दोन रात्री झोप नाही बे. शुभाला वाटलं ऑफिसात काही झालं.

तिसऱ्या रात्री पाणी प्यायला उठलो आणि माठाजवळ उभ्या उभ्या उलगडलं. १२एएक्स७ जागेवर असताना त्याच्या प्लेटवर १७० व्होल्ट असतात, कारण तो स्वतः करंट ओढतो. उपटला की ओढणारं कोणी नाही, तिथे सरळ २८० चढतात. ते २८० मागच्या ट्यूबला जाणवत असतील तर मधे कोणीतरी गळतंय. आणि त्या दोघांच्या मधे एकच जण आहे.

तुला कळलं असेल. मी ग्लास तिथेच ठेवून वर गेलो.

ईएल८४च्या दोन नंबर पिनवर शून्य पाहिजे. चालू केल्याबरोबर ०.९ होते, वीस मिनिटांनी ४, चाळीस मिनिटांनी ८. बंद केला, त्या कंडेन्सरचं मागचं टोक उचलून हवेत ठेवलं, पुन्हा चालू केलं, तर प्लेट करडी आणि घोरणं बंद. मोकळ्या टोकावर मीटर लावला तर ८०च्या वर व्होल्ट, जिथे काहीच यायला नको. महिनाभर आधी हाच कंडेन्सर मी मीटरच्या ओहमवर तपासून "चांगला" म्हणून सोडला होता. मीटर त्याला देतो दोन-चार व्होल्ट, तेही थंड असताना. डब्ब्यात अंगावर १७० आणि खोलीत ४५ डिग्री.

तर संज्या, काकांच्या रेडिओतला तो कंडेन्सर मी डब्ब्यातून काढला, तुला न विचारता.

काका काटोलला लग्नाला गेले होते आणि तू रेडिओची मागची पाटी उघडलीस. मी नको म्हणालो होतो. हे मी १५ वर्षं सांगतोय आणि तू १५ वर्षं "तूच टॉर्च धरला होतास" म्हणतोस. धरला होता. पण नको म्हणत धरला होता. तुला कुठूनतरी कळलं होतं की जुन्या कंडेन्सरने आवाज "पिकतो". आंबा आहे का बे तो? काका परत आले, ५८५ला आकाशवाणी लावायला गेले, रेडिओ मुका. तू शपथेवर सांगितलंस, अव्याने हात लावला होता. काका मला एक शब्द बोलले नाहीत. फक्त त्या रविवारी ट्रेमध्ये चहाचे दोनच कप आले, तुझा आणि त्यांचा. मी तीन महिने तसाच तर्री पोह्यांवर भागवून घरी जायचो.

पण पुढचं तुला आठवतं का? मला त्या रात्री माठाजवळ आठवलं, त्याआधी साफ विसरलो होतो. २०१२च्या उन्हाळ्यात काका डब्बा ऐकायला आले होते. दोन गाणी ऐकली, चष्मा वर केला, मागून वाकून आत पाहिलं. त्या तपकिरी नळीला पेनाने टिचकी मारली आणि म्हणाले, "कागदी आहे. मेणातला. गच्चीवर नेऊ नका." बस. मला वाटलं ते कंडेन्सरच्या जातीबद्दल बोलताहेत. पण ज्या माणसाने तो रेडिओ चारदा उघडून स्वतःच्या हाताने डाग दिले, तो आपली नळी ओळखणार नाही? त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं. तुझ्याकडे पाहिलं होतं. आणि पुढच्या रविवारी तिसरा कप आला.

तुला कधी बोलले का रे ते?

बरं, नवा बसवला, ०.०२२, ६३० व्होल्टचा, पॉलिएस्टर. डब्बा आता इतका गप्प असतो की चालू आहे की नाही ते दिव्यावरून बघावं लागतं. चार तास चालवला, प्लेट करडीच. दुरुस्ती झाली म्हणायची. आणि मला आवाज आवडत नाही.

व्हॉल्यूम सहावर ठेवून ईचा कॉर्ड मारला की आधी तो जरा बसायचा आणि मग उठायचा, बसमध्ये म्हातारा माणूस हात टेकून उठतो तसा. आता नुसताच उभा राहतो. मी हिशेब केला. जुन्यावर ०.०५ मायक्रोफॅरड लिहिलंय, पुढे ४७० किलोओहमचा रेझिस्टर. म्हणजे जुना सात हर्ट्झच्या खाली कापायचा, नवा पंधराच्या खाली कापतो. गिटारची सगळ्यात खालची तार ८२ची. कानाला फरक पडायचं कारणच नाही. मग म्हटलं, गळतीमुळे ट्यूब जास्त तापून चालत होती, तोच आवाज असेल. २७० काढून २२० ओहम लावला, वॅट बाराच्या आतच ठेवून. थोडा जवळ आला, पण तो नाही. डिसेंबरात थंडीत पिनवर किती व्होल्ट होते ते मोजलं असतं तर आज भांडता आलं असतं. मोजलं नाही, कारण तेव्हा छान वाजत होता.

कधी वाटतं माझेच कान. कधी वाटतं थंडी येईपर्यंत तो परत लावून ठेवावा, घोरला तर घोरला. पण प्लेट लाल झालेली पाहिल्यावर हिंमत होत नाही, ट्रान्सफॉर्मर जळाला तर तसा मिळायचा नाही. फोनवर रेकॉर्ड करून पाठवू नकोस म्हणशील तर पटतं, फोनवर दोन्ही सारखेच येतात, करून पाहिलं. तुला इथे येऊन ऐकावं लागेल. मी दोन्ही आळीपाळीने लावतो, तू डोळे मिटून बस. तुझे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत, हे लेखी देतोय, जपून ठेव.

कंडेन्सर फेकलेला नाही. आईच्या सुपारीच्या डबीत कापूस घालून ठेवलाय. कुरिअरने पाठवणार नव्हतो. येशील तेव्हा घेऊन जा, किंवा इथेच राहू दे म्हण.

फ्लॅटचा ताबा मिळाला का? मुक्ता पहिलीत गेली ना? वैशाली वहिनींना नमस्कार, त्यांनी पाठवलेली भाकरवडी आईने एकटीने संपवली. वाड्याच्या कागदांसाठी तू जुलैत येणार असं पिंट्या म्हणत होता. मला पिंट्याकडून कळावं, एवढं माझंच चुकलंय. स्टेशनवर मी येतो. सावजीला जाऊ, शुगर त्या दिवशी घरी ठेवीन. पाऊस चंद्रपूरलाच अडून बसलाय, तोवर येऊ नकोस, आला तर गच्चीवर बसवेन.

तुझा,
अव्या

ता. क. तो रेडिओ अजून वाड्यातच आहे ना? भंगारात दिला नसशील तर त्याची मागची पाटी उघड. तू कंडेन्सर काढलास त्यानंतर दिवाळीत तो पुन्हा वाजत होता, मी स्वतः ऐकलाय. त्या जागी काकांनी काय बसवलं होतं ते बघ आणि वरचा आकडा मला लिहून पाठव. पाटीचे स्क्रू चारच आहेत, पण डाव्या बाजूचा तूच वाकडा केला होतास, तो जपून काढ.