हातमोजा कशाचा आहे, एवढं तरी खोक्यावर लिहा

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री,

सप्रेम नमस्कार.

दवाखान्यात पाऊल टाकलं की माझी नजर आधी हातमोज्यांच्या खोक्यावर जाते, डॉक्टरांकडे नंतर. मोजे निळे-जांभळे दिसले की जरा हायसं वाटतं. फिकट पिवळसर असले तर मी दारातच थांबते. रंगावरून ओळखायला जावं तर फसगत ठरलेली, कारण नायट्राइल या कृत्रिम रबराचे पांढरे मोजे असतात आणि लेटेक्सचे निळेही. पण खोक्यावर काही धड लिहिलेलंच नसेल तर माणसानं करायचं काय?

मला लेटेक्सची ॲलर्जी आहे. लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. त्यातली प्रथिनं मला सोसत नाहीत. भांडी घासताना रबरी मोजे घातले की हाताला खाज सुटायची, पुरळ यायचं. मी तीन वर्षं साबण बदलत राहिले. खरं काय ते कळलं दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत. त्यांनी मोजा चढवला, त्याची कड फट् करून मनगटावर बसली आणि दिव्याच्या झोतात पांढरी पावडर तरंगताना दिसली. त्यांनी मला हातही लावला नव्हता, तोवर शिंका सुरू झाल्या. धूळ असेल म्हणून मी तोंड उघडलं. पाच-दहा मिनिटांत ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या, घसा आवळत चालला. ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन वेळेत मिळालं, म्हणून आज हे पत्र लिहिते आहे.

ती पावडर मक्याच्या स्टार्चची. मोजा हातात पटकन सरकावा म्हणून लावलेली. रबरातली प्रथिनं तिला चिकटतात आणि तिच्याबरोबर हवेत उडतात, त्यामुळे मोजा अंगाला न लागताही माझ्यासारख्यांना दम लागू शकतो. अमेरिकेत अशा पावडरच्या वैद्यकीय मोज्यांवर १८ जानेवारी २०१७ पासून बंदी आहे. जर्मनीनं तर १९९० च्या दशकातच पावडर हटवून कमी प्रथिनांचे मोजे आणले आणि रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांमध्ये या ॲलर्जीच्या नव्या केसेस घटल्या. म्हणजे हे जमतं. पावडर गेली तरी लेटेक्सचा थेट स्पर्श मला चालणार नाहीच, पण निदान खोलीतली हवा तरी माझी राहील.

घरचं मी सांभाळते. फुगे, रबरबँड, गरम पाण्याची पिशवी, कपड्यांतलं उघडं इलॅस्टिक, सगळं पारखून घेते. टायरची मला तितकी भीती नाही. खरा त्रास फुग्यासारख्या ताणल्या जाणाऱ्या पातळ रबराचा. भिंतीच्या ‘लेटेक्स पेंट’ला लोक उगाच घाबरतात, त्यात सहसा झाडाचा चीक नसतोच. केळं मात्र मी सोडलं. केळं, किवी, ॲव्होकाडो, चेस्टनट यांतली काही प्रथिनं लेटेक्समधल्या प्रथिनांसारखी असतात, आणि केळं खाल्लं की माझी जीभ चरचरते. वाढदिवसाला गेल्यावर ‘फुगे काढता का?’ असं यजमानांना विचारणं हे या सगळ्यात अवघड काम. पोरं हिरमुसतात आणि मोठ्यांना वाटतं, ही नखरे करते.

पण रुग्णालयात माझी पारख उपयोगाची नाही. तिथे मोजे आले, कॅथेटर म्हणजे लघवी काढायची नळी आली, रक्त काढताना दंडाला बांधायचा पट्टा आला. भूल दिल्यावर तर मला खाज सुटते हेही सांगता येणार नाही, अंगावरच्या गांधी चादरीखाली झाकलेल्या असतील आणि रक्तदाब कोसळेल तेव्हाच डॉक्टरांच्या लक्षात येईल. स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीच्या कण्यातला जन्मजात दोष, घेऊन जन्मलेल्या, लहानपणापासून शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाणाऱ्या मुलांना ही ॲलर्जी जडण्याचा धोका खूप मोठा. दिवसभर मोजे घालणाऱ्या परिचारिकांचंही तेच.

म्हणून मागणं असं, की सरकारी खरेदीतून पावडरचे लेटेक्स मोजे बाद करावेत. नायट्राइल महाग पडतं हे ऐकून आहे. मग निदान तपासणीसाठी आणि दातांच्या विभागात तरी ते द्या. आणि रुग्णाला लागणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या वेष्टनावर ‘यात नैसर्गिक रबर लेटेक्स आहे’ किंवा ‘नैसर्गिक रबर लेटेक्स वापरलेलं नाही’ यांपैकी एक वाक्य ठसठशीत अक्षरांत छापणं सक्तीचं करा. ‘हायपोॲलर्जेनिक’, म्हणजे ‘ॲलर्जीची शक्यता कमी’, हा शब्द तर पुसूनच टाका. त्यानं माझ्यासारख्यांना नुसता खोटा धीर येतो. केसपेपरवर औषधांच्या ॲलर्जीची ओळ असते, तिथेच लेटेक्सचीही असू द्या.

लवकरच माझी एक शस्त्रक्रिया आहे. मी सकाळची पहिली वेळ मागून घेतली, कारण आदल्या दिवशीची पावडर रात्रभरात खाली बसलेली असते. मोजे कशाचे वापरता, असं रुग्णालयाला लेखी विचारलं. उत्तर आलं, ‘आमच्याकडे चांगल्या कंपनीचे मोजे असतात, काळजी करू नका.’ कंपनी मी विचारलीच नव्हती. पुन्हा पत्र टाकलं आहे, त्याची वाट पाहते आहे.

आपली,
लेटेक्सची ॲलर्जी असलेली एक रुग्ण