मित्रास पत्र : श्वास रोखायचा नाही

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. येत्या सुट्टीत स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरणे, करून पाहावे असे तुझ्या मनात आहे, पण पोहणे जेमतेम येते आणि खोल पाण्याची धास्ती वाटते, तेव्हा करावे की करू नये, असे तू विचारले आहेस. मी नुकताच सुट्टीत त्या अनुभवातून गेलो असल्यामुळे फोनवर घाईघाईने उत्तर देण्यापेक्षा सविस्तर लिहिलेले बरे, असे वाटले. उत्तर आधीच सांगून टाकतो : अवश्य कर. मात्र ज्याची धास्ती तू घेतली आहेस ते फारसे आड येत नाही. आड येते ते निराळेच काहीतरी, आणि त्याचा तुझ्या पत्रात उल्लेखही नाही.

मीसुद्धा खोलीचाच विचार करीत गेलो होतो. तळ किती खाली असेल, एखादा मोठा मासा अंगावर आला तर काय करायचे, हेच डोक्यात घोळत होते. प्रत्यक्षात यांपैकी कशानेही त्रास दिला नाही. त्रास दिला तो श्वासाने. तोंड पाण्याखाली गेले की श्वास धरायचा, हे आपल्या शरीराने लहानपणी पहिली अंघोळ केल्यापासून पक्के अंगवळणी पाडून घेतलेले असते, आणि स्कूबामध्ये नेमके तेच करायचे नसते. बाकी सगळे शिकण्याचे काम आहे. हे एक मात्र विसरण्याचे काम आहे, आणि ते अधिक अवघड आहे.

उतरण्यापूर्वी आरोग्याविषयीची एक प्रश्नावली भरून द्यावी लागते. दमा, हृदयविकार, अपस्मार, फुप्फुसांचा एखादा जुना आजार, कानाची शस्त्रक्रिया असे प्रश्न त्यात असतात, आणि एखाद्याचे उत्तर ‘होय’ असेल तर डॉक्टरांची लेखी परवानगी मागतात. माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ प्रश्न न वाचताच सगळीकडे ‘नाही’वर खुणा करीत सुटले होते. तू तसे करू नकोस. तुला शाळेत असताना दम्याचा त्रास होता, हे मला चांगले आठवते. तेव्हा निघण्यापूर्वीच डॉक्टरांना भेट, त्यांना स्पष्ट विचार आणि ते नको म्हणाले तर मुकाट्याने ऐक. परगावी ऐनवेळी डॉक्टर शोधत फिरण्यात सुट्टीचा एक दिवस जातो, आणि लपवून उतरण्यात त्याहून बरेच काही जाऊ शकते.

नंतर किनाऱ्यावरच प्रशिक्षकाने धडा दिला, आणि त्याची सुरुवातच ‘श्वास कधीही रोखायचा नाही’ या वाक्याने झाली. कारण ऐकून मी चकित झालो, कारण ते आपण शाळेत पाठ केलेले होते. तापमान कायम असता वायूचे आकारमान दाबाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, हा रॉबर्ट बॉइलचा १६६२ सालचा नियम तुला आठवत असेल. समुद्रसपाटीवर आपल्यावर एका वातावरणाचा दाब असतो आणि पाण्यात दर १० मीटर खोलीमागे आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे १० मीटरांवर दाब दुप्पट होतो. तिथे टाकीतून मिळणारी हवाही तितक्याच दाबाची असते, म्हणून छाती नेहमीसारखी भरते आणि आपल्याला वेगळे काही जाणवत नाही. पण तिथे भरून घेतलेली छाती तशीच बंद ठेवून कोणी वर आला, तर त्याच हवेला पृष्ठभागावर दुप्पट जागा लागते, आणि ती फुप्फुसांत नसते. फुप्फुसांचे नाजूक पडदे फाटतात, हवा रक्तात शिरू शकते आणि प्रसंग जिवावर बेतू शकतो. छाती पूर्ण भरलेली असेल तर मीटर-दीड मीटर वर येणेही पुरेसे असते, त्यामुळे उथळ पाणी म्हणजे निर्धोक पाणी ही समजूत इथे चालत नाही. दाबाचे प्रमाण सर्वांत झपाट्याने बदलते ते पृष्ठभागाजवळच्या १० मीटरांतच, आणि आपल्यासारखे नवशिके तर तेवढ्यातच वावरणार. श्वास चालू असला, की वाढलेली हवा आपली आपण बाहेर पडते. एवढी सोपी गोष्ट आहे, आणि तरीही शरीर ऐकत नाही.

ही हवा हवी तेव्हा आणि हव्या त्या दाबाने तोंडात येते ती रेग्युलेटरमुळे. फ्रेंच नौदलातला अधिकारी झाक-ईव्ह कूस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये तो पाण्याखाली वापरण्याजोगा केला. युद्धकाळात पेट्रोलची टंचाई असल्यामुळे मोटारी गॅसवर चालवाव्या लागत होत्या, आणि त्यासाठी गान्यांने जी झडप तयार केली होती, तिच्यातूनच पुढे हे साधन निघाले. इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडणारी झडप माणसाच्या श्वासाला लागेल तेवढीच हवा सोडू लागली, ही गोष्ट मला तिथल्या कित्येक माशांपेक्षा मनोरंजक वाटली. याला समुद्रात नेले तरी हा यंत्रेच पाहणार, असे तू म्हणशील, म्हण.

प्रत्यक्ष सराव कमरेएवढ्या पाण्यात झाला. वेटसूट, कमरेला शिशाची वजने, पाठीवर टाकी आणि हवा भरता-सोडता येणारे जॅकेट, एवढा जामानिमा अंगावर चढवून पाण्यापर्यंत चालत जाणे हाच त्या दिवसातला सर्वांत कष्टाचा भाग होता. पाण्यात शिरताच सगळे वजन नाहीसे झाले. आम्ही वाळूत गुडघे टेकले. मी रेग्युलेटरचे रबरी तोंड दातांत धरले, ओठ मिटले, तोंड पाण्यात घातले आणि छाती जागच्या जागी थांबली. टाकीत २०० बार, म्हणजे वातावरणाच्या जवळजवळ दोनशेपट दाबाची हवा आहे, हे मला ठाऊक होते. छातीला ठाऊक नव्हते. प्रशिक्षकाने माझ्या मास्कसमोर हात धरला आणि तो सावकाश पुढे-मागे करीत श्वासाची लय दाखवू लागला. अखेर मी श्वास ओढला. टाकीतली हवा अगदी कोरडी असते, त्यामुळे घसा लगेच सुकतो. आत घेताना रेग्युलेटरचा फुसकारल्यासारखा आवाज होतो आणि सोडताना बुडबुडे गालांवरून, कानांवरून खळखळत वर जातात. तो खळखळाट ऐकू येत राहिला, की सर्व ठीक चालले आहे असे समजायचे, हे माझ्या पटकन लक्षात आले आणि पुढे मला त्याचाच मोठा आधार वाटला.

इथे एक गोष्ट तुला आवर्जून सांगतो. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेत राहतो, पण पुरता सोडत नाही. त्यामुळे शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि टाकी भरलेली असूनही हवा कमी पडत असल्यासारखे वाटून तो अधिकच घाबरतो. तेव्हा श्वास घेण्याकडे लक्ष देऊ नकोस. तो येणारच आहे. सोडताना मात्र लांब, शेवटपर्यंत सोड. हे एकदा जमले, की भीती कुठल्या कुठे जाते.

मास्कमध्ये शिरलेले पाणी काढण्याचाही सराव करून घेतात : मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची, मान किंचित वर करायची आणि नाकाने हवा सोडायची, की पाणी खालून निघून जाते. काचेवर आतून वाफ धरू नये म्हणून थुंकी चोळून विसळतात. किळस आली तरी कर. उपाय नामी आहे.

मग खोल पाण्यात उतरताना कानांची पाळी आली. घाटात गाडी चढू-उतरू लागली की कानांत दडे बसतात, तसेच इथे होते, फक्त कितीतरी लवकर; मीटर-दोन मीटर खाली जाताच कानाच्या पडद्यावर दाब जाणवू लागतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकले, की मधल्या कानापासून घशाच्या मागे जाणारी बारीक नळी उघडते आणि दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. अंतोनियो मारिया वाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचे नाव या युक्तीला आहे. दुखू लागण्याची वाट न पाहता, खाली जाताना सतत हे करीत राहायचे असते. माझा डावा कान काही केल्या मोकळा होईना. मी हात आडवा हलवून कानाकडे बोट दाखवले. प्रशिक्षकाने मला थोडे वर घेतले, पुन्हा प्रयत्न करायला लावला आणि कान सुटला. जोर लावून फुंकणे किंवा दुखत असताना खाली जाणे, हे दोन्ही अजिबात करायचे नाही. सर्दी झालेली असेल तर उतरायचेच नाही, कितीही पैसे भरलेले असोत.

खुणा थोड्याच आहेत, पण एक जपून वापर. अंगठा वर करणे म्हणजे पाण्याखाली ‘छान’ नव्हे, तर ‘वर चला’. आमच्यातल्या एकाने खुशीत येऊन तो दाखवला आणि प्रशिक्षक त्याला घेऊन लगेच वर निघाला. छान आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून वर्तुळ करायचे.

खाली काय पाहिले, असे तू विचारशीलच. पाण्यात प्रत्येक वस्तू एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठी दिसते, त्यामुळे मी जिथे हात घालीत होतो तिथे ती नसायचीच. तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच पाण्यात शोषला जातो. जे प्रवाळ मला राखाडी-करडे दिसत होते, त्यावर प्रशिक्षकाने विजेरीचा झोत टाकला आणि ते एकदम लालभडक झाले. झोत हलला, की पुन्हा करडे. समुद्र शांत असतो, हेही खरे नाही. प्रवाळांत राहणाऱ्या लहान कोळंब्यांची तडतड अखंड चालू असते, आणि पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावत असल्यामुळे तो कोणत्या बाजूने आला हे कानांना ठरवता येत नाही. समुद्रफूल नावाच्या एका प्राण्याच्या शुंडकांत नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा विदूषक मासा होता. मी जरा जवळ जाताच तो बोटाएवढा जीव थेट माझ्या मास्कच्या काचेवर चालून आला, मागे सरला, पुन्हा आला. मोठ्या माशाची भीती घेऊन गेलेल्या माणसावर हल्ला झाला तो असा.

पण मला सर्वांत अधिक आवडला तो पुन्हा श्वासच. पाण्याखाली वजने आणि जॅकेटमधली हवा यांचा मेळ बसला, की माणूस बुडतही नाही आणि तरंगतही नाही. अशा वेळी श्वास घेतला की शरीर हळूच वर जाते आणि सोडला की खाली येते. मात्र लगेच नव्हे, क्षणभर थांबून. त्या विलंबाचा अंदाज आला आणि समोरच्या खडकावरून जाण्यासाठी हात न मारता मी नुसता एक श्वास घेतला, तेव्हा झालेला आनंद मला अजून कोणाला नीट सांगता आलेला नाही. पहिल्या खेपेला हे क्वचितच साधते, कारण बहुतेक वेळ प्रशिक्षक आपल्याला धरूनच असतो. त्याचा राग मानू नकोस. हात मात्र पोटाशी ठेव. प्रवाळ दिसतात दगडासारखे, पण ते जिवंत प्राण्यांचे समूह असतात आणि पायांत चढवलेल्या फिनचा एक फटका त्यांची कित्येक वर्षांची वाढ मोडतो. कॅमेराही नेऊ नकोस, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्यातले जे कॅमेरा घेऊन उतरले होते, त्यांचे अर्धे लक्ष श्वासावरून उडाले होते.

आता तुझ्या पोहण्याविषयी. अशा पहिल्या अनुभवासाठी अनेक संस्था १२ मीटरांच्या खाली नेत नाहीत, आणि पट्टीचे पोहणेही मागत नाहीत. पाण्यात अस्वस्थ न होणे महत्त्वाचे. पुढे रीतसर अभ्यासक्रम करायचा झाला तर २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे तरंगणे, अशी चाचणी द्यावी लागते. जाण्यापूर्वी तलावात थोडी सवय करून घे आणि एका प्रशिक्षकामागे किती नवशिके असतात, हे ठरवतानाच विचार. उत्तर देताना कोणी चाचरला, तर दुसरीकडे जा.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. परतीच्या आदल्या संध्याकाळी स्कूबा आणि पहाटे विमान, असा बेत तू लिहिला आहेस, तो बदल. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि शरीरात विरघळतो, आणि दाब कमी झाला की हळूहळू बाहेर पडतो. दाब फार लवकर कमी झाला तर त्याचे बुडबुडे होतात. म्हणूनच वर येताना आपल्या सर्वांत लहान बुडबुड्यांपेक्षाही सावकाश यायचे असते. सावकाश वर आणण्याची पहिली शास्त्रीय कोष्टके जॉन स्कॉट हाल्डेन याने शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. त्या बिचाऱ्यांचे आपण ऋणी आहोत. विमानात हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे एका डुबकीनंतर निदान १२ तास आणि अनेक डुबक्या झाल्या असतील तर निदान १८ तास विमानप्रवास टाळावा, असा संकेत आहे. तेव्हा स्कूबा सुट्टीच्या सुरुवातीलाच ठेव. त्यात आणखी एक सोय आहे : त्या दिवशी समुद्र खवळलेला असला किंवा तुला सर्दी झाली, तर पुढचे दिवस हाताशी राहतात.

डॉक्टर काय म्हणतात ते कळव, आणि नवा दिवस ठरला की तोही लिही. घरी सर्वांना नमस्कार. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा मित्र