पहिले वर्ष कापू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाचे दिवस जवळ आले की कला आणि डिझाइनच्या पदवीविषयी आपल्याकडे वाचकांची पत्रे येऊ लागतात. त्यांत दोन मते हमखास असतात. कला अंगातच असावी लागते, शिकवून येत नाही, हे एक. दुसरे असे की शिकायचेच असेल तर मुलांनी सरळ सॉफ्टवेअर शिकावे, विद्यापीठात जाऊन वर्षभर कोळशाने खुर्च्या आणि मडकी कशाला काढत बसायची? मी बावीस वर्षे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना रेखांकन आणि रंग शिकवले. दोन्ही मते मला चुकीची वाटतात. पण दुसऱ्याची काळजी अधिक वाटते, कारण आता अभ्यासक्रमच त्या मताप्रमाणे बदलू लागले आहेत.

मी शिकवत होते त्या विद्यापीठात पायाभूत वर्ष, म्हणजे पदवीचे पहिले वर्ष, खरोखरच वर्षभराचे होते. ग्राफिक, वस्त्र, शिल्प, उत्पादन किंवा चित्रकला यांपैकी शाखा कोणतीही असो, सगळी मुले एकाच स्टुडिओत बसत आणि शाखा वर्षाच्या शेवटी निवडत. मग त्या वर्षाचे एक सत्र झाले. पुढे सत्राचे सहा आठवडे झाले. चित्र टेकवायचे ईझल कोठारात गेले, मातीकामाच्या खोलीला कुलूप लागले आणि स्टुडिओत संगणकांच्या रांगा आल्या. संगणकाशी माझे भांडण नाही, माझे विद्यार्थी त्यावर उत्तम काम करतात. माझे म्हणणे एवढेच आहे की जे वर्ष काढून टाकले त्यात काय घडत होते, हे ते काढणाऱ्यांनी एकदा स्टुडिओत येऊन पाहायला हवे होते.

पहिल्या आठवड्यात मी एक खुर्ची टेबलावर ठेवत असे आणि सांगत असे, खुर्ची काढू नका. तिच्या पायांमधल्या, दांड्यांमधल्या, हाताखालच्या मोकळ्या जागा काढा. मुले गोंधळत. पण त्यामागे कारण आहे. खुर्चीला चार पाय असतात, ते सारख्या उंचीचे असतात, बैठक चौकोनी असते, हे आपल्या मनाला आधीच ठाऊक असते. हात डोळ्यांचे ऐकत नाही, मनाचे ऐकतो, आणि समोर दिसते त्याऐवजी ठाऊक असलेली खुर्ची काढतो. दोन पायांमधल्या पोकळीला मात्र नाव नसते. तिचा आकार कुणी पाठ केलेला नसतो. तो काढायचा तर बघावेच लागते. तासाभराने सगळ्या पोकळ्या कागदावर उतरतात आणि त्यांच्या मधोमध, कुणीही न काढलेली, अगदी बरोबर प्रमाणातली खुर्ची उभी असते. माझा हातच वळत नाही, असे म्हणणारी मुले त्या क्षणी गप्प होतात. कला अंगात असावी लागते असे लिहिणाऱ्या वाचकांनी हा एक तास पाहावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

रंगाचेही तसेच. एकाच करड्या कागदाच्या दोन पट्ट्या घ्या, एक काळ्या कागदावर ठेवा, दुसरी पांढऱ्यावर. काळ्यावरची उजळ दिसते, पांढऱ्यावरची गडद. दोन्ही एकाच कागदातून कापल्या आहेत, हे सांगूनही डोळा मानत नाही. पॅरिसच्या गोबेलँ विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांच्यापुढे नेमका हाच प्रश्न तक्रारीच्या रूपात आला होता. निळ्या-जांभळ्या भागांतला काळा रंग फिका दिसतो, अशी ती तक्रार होती. त्यांनी काळी लोकर तपासली, तर रंगाईत दोष नव्हता. दोष शेजारच्या रंगांचा होता. त्यातून त्यांनी रंगांच्या परस्पर विरोधाचा जो नियम मांडला तो १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि चित्रकारांपासून छपाई करणाऱ्यांपर्यंत सर्वांना आजही तो लागतो. स्क्रीनवर रंगाचा आकडा अचूक भरता येतो, पण तो रंग शेजाऱ्याबरोबर कसा वागेल हे आकडा सांगत नाही. ते कागदाचे शेकडो तुकडे एकमेकांशेजारी सरकवूनच कळते.

ही पद्धत माझी नव्हे, तिला शंभर वर्षांचा इतिहास आहे. जर्मनीतल्या वायमार येथे १९१९ मध्ये वास्तुरचनाकार वाल्टर ग्रोपियस यांनी बाउहाउस ही कला आणि डिझाइनची शाळा सुरू केली. तिथे धातुकाम, सुतारकाम, विणकाम अशा कार्यशाळांत जाण्याआधी प्रत्येकाला एक प्राथमिक अभ्यासक्रम करावा लागे. सुरुवातीला तो सहा महिन्यांचा होता, पुढे तो वाढवण्यात आला. आम्ही मात्र उलट दिशेने निघालो आहोत. तिथे योझेफ आल्बर्स शिकवत असत. त्यांच्या एका विद्यार्थ्याने सांगून ठेवलेली आठवण मी दर वर्षी वर्गात सांगत असे, आणि आपण वृत्तपत्राचे संपादक आहात म्हणून इथेही सांगते. आल्बर्स वर्गात वृत्तपत्रांचा गठ्ठा घेऊन आले, ती वाटली आणि म्हणाले, या कागदाचे असे काही करा की आत्ता आहे त्यापेक्षा तो अधिक काही होईल. कागदाचा स्वभाव ओळखून करा, आणि शक्यतो कात्री-गोंद न वापरता करा. काही तासांनी ते परत आले तेव्हा बाकांवर मुखवटे, होड्या, किल्ले, विमाने, प्राणी होते. ते त्यांना बालवाडीतले काम वाटले, कारण हे सगळे दुसऱ्या एखाद्या साहित्यात अधिक चांगले झाले असते. मग त्यांनी एका हंगेरियन तरुणाचे काम दाखवले. त्याने कागद उभा, मधोमध दुमडला होता, बस. पंखांसारखा तो बाकावर उभा होता. पडून राहणारा मऊ कागद एका घडीने ताठ झाला होता, आणि तोही स्वतःच्या सर्वांत अरुंद कडेवर.

हा पाठ वाचून येत नाही. मी तो दर वर्षी करून घेतला, आणि दर वर्षी बहुतेक मुलांनी होड्या आणि विमानेच केली. गोष्ट आधी सांगितली तरी मुले हंगेरियन तरुणाची घडी तेवढी उतरवतात आणि प्रश्न तसाच राहतो. म्हणून मी ती काम झाल्यावर सांगू लागले.

साहित्याचा स्वभाव ओळखणे म्हणजे काय, याचे माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण पुढे योझेफ यांच्या पत्नी झालेल्या ॲनी आल्बर्स यांचे आहे. त्या बाउहाउसमध्ये विद्यार्थिनी म्हणून आल्या. मुलींना समान संधी देण्याची घोषणा असूनही बहुतेकींना विणकामाकडेच वळवले जाई, आणि ॲनी यांनाही मनाविरुद्ध तिकडे जावे लागले. हा अन्याय होता आणि तो अन्यायच म्हणायला हवा. पण पदविकेसाठी त्यांनी जे कापड केले ते पाहा. एका सभागृहाच्या भिंतींवर लावण्यासाठी त्यांनी सूत आणि सेलोफेन एकत्र विणले. कापडाची एक बाजू आवाज शोषून घेई, दुसरी प्रकाश परावर्तित करी. त्याला सजावट म्हणायचे की अभियांत्रिकी? धागा बोटांत खेळवल्याशिवाय असा विचार सुचेल, यावर माझा विश्वास नाही. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांच्या विणकामाचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले.

पाहायला शिकल्याचा उपयोग पुढे कुणाला होतो, असे पालक मला विचारत. उत्तर रस्त्यावर उभे असते. मार्गारेट कॅल्व्हर्ट चेल्सीच्या कला महाविद्यालयात इलस्ट्रेशन शिकत होत्या, जॉक किन्नीर त्यांचे शिक्षक होते. या गुरुशिष्येने ब्रिटनच्या रस्त्यांवरचे फलक नव्याने रचले आणि ते १ जानेवारी १९६५ पासून लागू झाले. नावे केवळ मोठ्या रोमन अक्षरांत लिहिण्याची जुनी रीत त्यांनी सोडली आणि मोठी-छोटी अक्षरे एकत्र घेतली, कारण त्यांच्या मते वेगात असलेला चालक एकेक अक्षर वाचत नाही, शब्दाची बाह्यरेषा ओळखतो. शाळेजवळच्या फलकावर पूर्वी टोपीवाला मुलगा मुलीला घेऊन चाललेला असे. कॅल्व्हर्ट यांनी तिथे धाकट्या मुलाचा हात धरून चालणारी मुलगी आणली. खुर्चीच्या पायांमधली पोकळी पाहणे आणि शब्दाची बाह्यरेषा पाहणे यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

आता ज्युरीविषयी. तिच्याबद्दल बाहेर गैरसमज आहेत, आणि काही तक्रारी खऱ्याही आहेत. विद्यार्थी आपले काम भिंतीवर लावतो, शिक्षक आणि सहाध्यायी समोर बसतात आणि कामाबद्दल बोलतात. चांगल्या ज्युरीत ‘आवडले’ हा शब्द चालत नाही. नजर आधी कुठे जाते? का जाते? मधला रंग काढला तर काय बिघडेल? प्रश्न असे असतात. आपल्या कामाबद्दल अनोळखी माणसाला सांगता येणे आणि दुसऱ्याच्या कामात स्वतःला न घुसवता बोलता येणे, ही दोन कौशल्ये मुले तिथेच कमावतात. पण ज्युरीत विद्यार्थ्याचा अपमान करणे म्हणजे शिस्त, असे मानणारे शिक्षक मी पाहिले आहेत. रात्र-रात्र जागून केलेले काम सर्वांसमोर हसण्यावारी नेले गेले आणि मुलगी पुन्हा वर्गात आली नाही, हेही पाहिले आहे. सुरुवातीच्या वर्षांत माझेही शब्द कठोर असत, त्याची मला आजही खंत आहे. बोलायचे ते कामाबद्दल, माणसाबद्दल नाही, एवढा एक नियम पाळला तरी ज्युरीची भीती उरत नाही. पायाभूत वर्ष आखडले की पहिला बळी याच संथ, समजुतीच्या बोलण्याचा जातो. वेळ नसतो, मग गुण देऊन मोकळे होतात.

इतिहास आणि सिद्धान्त यांचे तास विद्यापीठात वाढवावेत असे म्हणणारेही आहेत. माझा विरोध नाही. ब्रिटनमध्ये १९६० साली चित्रकार विल्यम कोल्डस्ट्रीम यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने कला आणि डिझाइनच्या नव्या पदविकेत सुमारे १५ टक्के वेळ कलेतिहास आणि पूरक विषयांना द्यावा असे सुचवले होते, ते मला योग्य वाटते. पण त्याच समितीने पदविकेला बसण्याआधी किमान एक वर्षाचा पूर्वअभ्यासक्रमही सुचवला होता. आपल्या सोयीची एक शिफारस उचलायची आणि दुसरी विसरायची, हे बरे नाही.

आणि हो, यंत्र आता काही सेकंदांत चित्र काढून देते. पन्नास देते. त्या पन्नासांतले कोणते या कामाला बरोबर आहे आणि का, हे सांगणाऱ्या माणसाला डोळा लागतो, आणि डोळा कसा घडतो ते वर लिहिलेच आहे.

माझ्या एका विद्यार्थिनीने प्रवेशाच्या अर्जात वस्त्रशाखा लिहिली होती. घरी तसे ठरलेच होते. सातव्या महिन्यात तिने मातीत हात घातला आणि मग ती भट्टीजवळून हलेना. चाकावरची भांडी पुन्हा पुन्हा कोसळत, ती पुन्हा माती मळायला घेई. वर्षाअखेरीस तिने सिरॅमिक निवडले. सहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सातवा महिना येत नाही. तिच्यासारखी किती मुले आता आपल्या खऱ्या साहित्याला कधी भेटलीच नसतील, या विचाराने मला अस्वस्थ व्हायला होते.

म्हणून पालकांना आणि मुलांना माझी विनंती आहे. विद्यापीठ पाहायला गेलात तर चकचकीत प्रदर्शन-दालनात थांबू नका. कार्यशाळा उघडून दाखवा म्हणा. अवजारांवर धूळ आहे की हातांचे डाग, ते बघा. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याची रफ वही मागा आणि खोडलेली पाने चाळा. एका शिक्षकामागे स्टुडिओत किती मुले असतात ते विचारा. शाखा कधी निवडायची, पहिल्या दिवशी की वर्षभराने, हे तर सर्वांत आधी विचारा.

आपल्याकडेही एक मागणे आहे. आपण दर वर्षी विद्यापीठांची माहिती देणारी पुरवणी काढता. त्यात शुल्क, जागा, नोकऱ्या यांचे रकाने असतात. यंदा कला आणि डिझाइनच्या पानावर आणखी एक रकाना घालावा : पहिल्या वर्षात स्टुडिओचे तास किती. विद्यापीठांना तो भरावा लागेल.

कळावे,
आपली एक वाचक
(पायाभूत वर्षाची निवृत्त अध्यापिका)