बाबा, हे पत्र तुम्हीच वाचायचं

पुणे, २३ नोव्हेंबर

प्रिय बाबा आणि आई,

आई, पाकीट फोडलंस तर फोडलंस, पण वाचून दाखवू नकोस. पत्र बाबांच्या हातात दे, चष्मा पुसून दे आणि तू तांदूळ निवडायला बस. बाबांनी मोठ्यानं वाचायचं. एखाद्या शब्दाला अडले आणि तो तुला येत असला, तरी सांगायचा नाही. मनात वीसपर्यंत आकडे मोज. फोनवर हे होत नाही. मी "बाबा, कसं वाटतंय?" विचारते आणि स्पीकरवर तुझं "बरंय त्यांना" ऐकू येतं. म्हणून पत्र. अक्षर मोठं काढलंय, ओळी सुट्या सोडल्यात.

एका बैठकीत संपवायचं नाही. मध्ये मध्ये फुली मारलीय, तिथं थांबायचं आणि दोन घोट पाणी प्यायचं. हनुवटी खाली घेऊन, फिजिओच्या मॅडमनी सांगितलंय तसं.

×

बाबा, पहिल्यांदा तुमची माफी मागायचीय.

दिवाळीत मी तिथं होते तेव्हा फिजिओच्या मॅडम समजावत होत्या. जुलैत झटका आला तेव्हा रक्ताची गुठळी डाव्या मेंदूत अडकली, म्हणून उजवी बाजू आणि बोलणं गेलं. मेला तेवढा भाग परत येत नाही, पण आजूबाजूचा शाबूत भाग ते काम शिकू शकतो, फक्त त्याच्याकडून शेकडो वेळा करून घ्यावं लागतं. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "आंबा. आंबा."

आई म्हणाली, "आत्ता कुठला हो आंबा, दिवाळी आली." मॅडम हसल्या. मीही हसले. तुम्ही डावा हात कॉटवर आपटलात आणि भिंतीकडे तोंड करून पडलात.

रात्री दोन वाजता मला उमगलं. कराड-चिपळूण! तुम्ही एसटीत कंडक्टर होतात तेव्हा पावसाळ्यात कुंभार्ली घाटात दरड आली की तुमची गाडी मलकापूरवरून फिरवून आंबा घाटानं साखरप्याला उतरवायचे. तुम्ही घरी यायला मध्यरात्र व्हायची आणि आई भाकऱ्या फडक्यात बांधून जागी असायची. मॅडमना जे सांगायला पाच मिनिटं लागली ते तुम्ही एका शब्दात सांगितलं होतं, आणि आम्ही तिघी हसलो. शब्द हरवलेत तुमचे, समज नाही. मला हे माहीत होतं, तरी हसले.

तर आंबा घाटाचंच लिहायचंय. रस्ता लांबचा, वळणं अनोळखी, प्रवासी कुरकुरणार. गाडी सारखी सारखी तिकडून गेली की मगच ड्रायव्हरच्या हाताला वळणं कळायला लागतात. आणि प्रवाशांनीच खाली उतरून गाडी ढकलली, तर ड्रायव्हर काय शिकणार?

×

आई, हा भाग तुझा. तरी वाचायचा बाबांनीच.

बाबांना शर्ट घालायला अकरा मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून पाहिलं. तू घालतेस तेव्हा एक मिनिटही लागत नाही. पण त्या मिनिटात त्यांच्या उजव्या हाताला कुणी विचारतच नाही. दात घासणं, भाकरी मोडणं, नळ सोडणं, सगळं तू पुढं होऊन करतेस. तुला बघवत नाही, हे मला कळतं. तू इतकी वर्षं त्यांच्या ड्यूटीच्या वेळा सांभाळल्यास, उशीर तुझ्या अंगाला खपत नाही. मीही तशीच. निघायच्या दिवशी रिक्षा दारात उभी होती, बाबा दुसऱ्या बटणाशी झगडत होते, आणि मी पाचही बटणं फटाफट लावून टाकली. तेव्हा ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. स्वारगेट येईपर्यंत मला ते दिसत होतं.

शर्टाचं एक ध्यानात ठेव, तुझं उलटं होतं. घालताना आधी आजारी हात बाहीत, मग चांगला. काढताना आधी चांगला, मग आजारी.

आणि काखेत हात घालून उचलणं बंद. उजवा हात धरून ओढणंही बंद. त्या खांद्याचे स्नायू सैल पडलेत, हाड खोबणीतून खाली सरकतं. रात्री खांदा ठणकतो म्हणतात ना, तो त्यानंच. कमरेला रुंद पट्टा बांध, त्याला धर, आणि उजव्या बाजूला किंचित मागं उभी राहा. खुर्चीतून उठताना त्यांनी पुढं सरकून काठावर यायचं, पाय मागं घ्यायचे, दोन्ही टाचा जमिनीवर, आणि नाक पायाच्या बोटांच्या पुढं जाईपर्यंत वाकायचं. तेवढं वाकलं की ढुंगण आपोआप उचलतं. तू ओढलंस की ते मागं रेलतात आणि तुझी कंबर जाते. सकाळ, दुपार, संध्याकाळ दहा-दहा वेळा. बाकी कुठला व्यायाम चुकला तरी हा नको.

रबरी चेंडू मी पिंट्याला देऊन टाकला, रागावू नकोस. जो भेटायला येतो तो चेंडू घेऊन येतो. बाबांची बोटं आधीच मिटून घट्ट बसतात, त्यांना आणखी आवळायला कशाला शिकवायचं? उघडायला शिकवायचंय. त्यासाठी चिल्लर. पितळी वाटीत रुपया, दोन, पाच, दहाची नाणी एकत्र टाक, डाव्या हातात जाड मोजा चढव म्हणजे तो मध्ये लुडबुडणार नाही, आणि उजव्यानं वेगळी करायला लाव. दिवाळीच्या आधी अंगठा हलतच नव्हता. पाडव्याला त्यांनी पाचाचं नाणं काठावर उभं केलं आणि ते घरंगळत देव्हाऱ्याखाली गेलं. अजून तिथंच असेल. काढू नकोस.

×

बाबा, आता शेजारचे काका म्हणाले त्याबद्दल. "तीन महिने झाले, आता जे यायचं होतं ते आलं." खोलीत तुम्ही असताना म्हणाले, जणू बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नाही.

अर्धं खरं आहे ते. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सगळ्यात जास्त असतो, सहा महिन्यांपर्यंत तो कमी होत जातो. पण गाडी बंद पडते असं नाही. न्यूयॉर्कमध्ये पेद्रो बाख-इ-रिता नावाचे एक कवी आणि प्राध्यापक होते. १९५९ साली, वयाच्या ६५ व्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलता येईना, चालता येईना. डॉक्टरांनी आशा सोडली. मुलगा जॉर्ज मेक्सिकोत डॉक्टरकी शिकत होता, तो वडिलांना तिकडं घेऊन गेला. पुनर्वसन कशाशी खातात हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्यानं वडिलांना आधी रांगायला लावलं, कमजोर खांदा भिंतीला टेकवून. मग जमिनीवर गोट्या खेळायला, मग भांडी घासायला. ते पुन्हा शिकवायला लागले आणि पुढं काही वर्षांनी कोलंबियात डोंगर चढत असताना हृदयविकारानं गेले. शवचिकित्सेत दिसलं की मेंदूतली इजा होती तशीच होती, भरून आलीच नव्हती. ते सगळं त्यांनी दुसऱ्या वाटेनं केलं होतं. त्यांचा दुसरा मुलगा पॉल यानं पुढं आयुष्यभर मेंदूवरच काम केलं.

सगळ्यांचं एवढं होतं असं नाही. तुमचं किती होईल हे मॅडमही सांगत नाहीत आणि मीही सांगणार नाही. पण भांडी घासायचं तेवढं घ्या मनावर, आईला आवडेल.

×

काठी कपाटामागं लपवलीत ती मी पाहिली. बाबा, काठी डाव्या हातात धरायची, चांगल्या बाजूला, आणि स्प्लिंट, म्हणजे पाऊल उचलून धरणारी ती पट्टी, बुटात घालूनच उभं राहायचं. पाऊल खाली लोंबतं, ते अडकू नये म्हणून तुम्ही पाय विळ्यासारखा बाहेरून फिरवून आणता. तशा चालीत दम लागतो आणि तोल जातो. लोक बघतात म्हणून काठी नको म्हणता. पण दारातल्या उंबऱ्यावर पडलात तर तेच लोक भेटायला येतील आणि आणखी चेंडू आणतील.

तोल तुम्हाला कुणी शिकवायचा? कुंभार्लीच्या वळणांवर दोन्ही हात तिकिटात असताना तुम्ही कधी दांडी धरली नाहीत. हल्ली सगळं वजन डाव्या पायावर टाकता. ओट्याला धरून उभे राहा आणि वळण आल्यासारखं वजन उजवीकडे द्या, मग डावीकडे. आई चहा करतेय तोवर. पायऱ्यांचं लक्षात ठेवा, चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कमजोर पाय. अंगणाच्या तीन पायऱ्या जमल्या की पुढच्या महिन्यात प्रीतिसंगमावर जाऊ, रिक्षानं फाटकापर्यंत आणि आत जमेल तेवढं पायी.

आई, मालिका बघताना ते मध्येच रडतात तेव्हा दरवेळी "काय झालं, काय झालं" करू नकोस. झटक्यानंतर हसण्या-रडण्याचा ब्रेक सैल होतो, त्यांनाही ते आवरत नाही. पण दिवसदिवस गप्प राहिले, जेवण टाकलं, तर मला कळव. ते वेगळं असतं आणि त्याला औषध आहे.

जुलैतल्या त्या सकाळचं एकदाच लिहिते, मग नाही. तोंड वाकडं झालं, हातातली बशी पडली, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून आधी तेल चोळणाऱ्याकडे नेलं. दवाखान्यात पोचायला सात तास गेले. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तुला दोष देत नाही, मला तरी कुठं माहीत होतं, मी फोनवर म्हणाले होते, "पित्त असेल." पण पुन्हा तोंड, हात किंवा बोलण्यात असं काही दिसलं तर कुणाला विचारायचं नाही, १०८ ला फोन करायचा. आणि बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही, बाबा. डबीत मंगळवारच्या दोन तशाच होत्या.

आई, तू मंगळवारच्या भजनाला जायला लाग. जुलैपासून गेली नाहीस. पिंट्या तासभर बसेल, त्याला चेंडू मिळालाय. तू नसशील तेव्हा पाणी मागायला बाबांना "पाणी" म्हणावं लागेल, हा माझा त्यातला स्वार्थ.

×

शेवटचं. बँकेत तुमचा अंगठा घेतला त्या दिवशी तुम्ही बाहेर येऊन बाकावर बसून राहिलात. रोज रात्री वेबिलावर, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदावर, सही ठोकणारा माणूस, आणि समोरच्यानं पेन पुढंसुद्धा केलं नाही, थेट शाईचा पॅड सरकवला.

खाली जागा सोडलीय. आई, पेनाभोवती जुन्या धोतराची चिंधी गुंडाळ, जाड झालं की पकडता येतं. बाबा, उजव्या हातानं सही करा. कितीही वेळ लागू दे, कितीही वाकडी येऊ दे. हाच कागद घडी करून मला परत पाठवा. सोबत माझा पत्ता घातलेलं पाकीट ठेवलंय, तिकीट लावलेलं आहे.

तुमची,
सुमी

(इथं सही)