काटा वर चढत नसेल तर आधी थर्मोस्टॅट बघ

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

लेहला बोलेरोच्या हीटरमधून कोमट वारा येतो आणि अर्धा तास चालवूनही टेम्परेचरचा काटा खालच्या खुणेपाशीच राहतो, असं तू लिहिलंस. यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हीटर स्वतः काही तापवत नाही. इंजिनातलं गरम कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, डॅशबोर्डमागच्या छोट्या कॉइलमधून फिरतं आणि ब्लोअर तिच्यावरून हवा ढकलतो, एवढंच. इंजिनच गार राहिलं तर हीटर नवा बसवूनही तू कुडकुडतच राहशील.

माझा पहिला संशय थर्मोस्टॅट वॉलवर आहे, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेवर. गाडी आपल्याकडची, दहा-बारा उन्हाळे काढलेली. गाडी गरम व्हायला लागली की आपल्याकडे वॉल सर्रास काढून टाकतात, आणि सोलापूर-लातूरच्या उन्हात ते खपूनही जातं. मूळ दोष, म्हणजे गाळाने भरलेला रेडिएटर, तसाच राहतो तो भाग वेगळा. वॉल नसला की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, आणि लेहच्या उणे 15 अंशांत रेडिएटर त्याला तापूच देत नाही. वॉल उघडा अडकला तरी हेच होतं.

सकाळी इंजिन पूर्ण गार असताना सुरुवात कर. आधी रेडिएटरचं झाकण उघडून पातळी बघ. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, उकळतं पाणी अंगावर येतं. बाजूच्या जादा कूलंटच्या बाटलीतल्या पातळीवर विसंबू नकोस. झाकणाचं रबर गेलं असेल तर बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं होतं. आणि रंग बघ. हिरवं किंवा लाल न दिसता चहासारखं तांबूस पाणी दिसलं तर कोणीतरी नळाचं पाणी भरलंय. मग बाकी सगळं बाजूला ठेव आणि त्याच दिवशी ते बदल. तिथल्या एका रात्रीत ते गोठून इंजिनचा ब्लॉक तडकू शकतो.

पातळी ठीक असेल तर इंजिन सुरू कर, तीन-चार मिनिटांनी बंद कर आणि रेडिएटरकडे जाणारा वरचा होज पाइप चाचपून बघ. चालू इंजिनात हात घालू नकोस, पंखा पट्ट्यावर फिरतो, मफलर ओढला जाईल. वॉल चांगला असेल तर पाइप गारच लागेल. थोड्या थोड्या वेळाने असंच बघत जा. इंजिन तापल्यावर पाइप एकदम गरम झाला पाहिजे. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला, तर वॉल नाही किंवा उघडा आहे.

मग हाउसिंगचे, म्हणजे वॉल ज्यात बसतो त्या कवचाचे, बोल्ट काढून वॉल बाहेर काढ. गार वॉल उजेडासमोर धर. तबकडीच्या कडेने फट दिसली तर तो गेला. (तबकडीतलं सुईएवढं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, ते धरू नकोस.) पुस्तकात लिहितात तसं भांड्यात पाणी उकळून तपासायला जाशील तर एक ध्यानात ठेव. लेह सुमारे 3500 मीटरवर आहे, तिथे पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळे 82 चा, म्हणजे 82 अंशांना उघडायला लागणारा, वॉल भांड्यात अर्धवट उघडेल आणि 88 चा जेमतेम हलेल. तो बिघडलेला नाही. गाडीत झाकणाच्या दाबामुळे कूलंट त्याहून जास्त तापतं. बसवताना स्प्रिंग इंजिनच्या बाजूला, बारीक भोक वर आणि गॅस्केट नवं. नवा वॉल येईपर्यंत रेडिएटरसमोर पुठ्ठा लाव, पण अर्ध्याच भागावर, आणि चढावर काट्याकडे लक्ष असू दे.

काटा मधोमध येऊनही हवा गारच राहिली, तर इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून आत जाणारे हीटरचे दोन पाइप बघ. दोन्ही चटका देण्याइतके गरम असतील तर पाण्याची बाजू ठीक आहे. दोष आतल्या फ्लॅपमध्ये, म्हणजे गरम-गार हवा वळवणाऱ्या झडपेत, किंवा त्याच्या केबलमध्ये. नॉब फिरवताना डॅशबोर्डमागे फ्लॅप आपटल्याचा आवाज येतो का ऐक. एक गरम आणि दुसरा जवळजवळ गार असेल तर कॉइल गाळाने चोंदली आहे, किंवा पाइपवर कॉक असेल तर तो पूर्ण उघडत नाही. ब्लोअर एकवर असताना गरम आणि चारवर गार हवा येणं ही अर्धवट चोंदलेल्या कॉइलची खूण.

कॉइल धुवायची तर दोन्ही पाइप सोडून, उलट दिशेने, म्हणजे बाहेर येणाऱ्या तोंडातून आत, साध्या नळाच्या दाबाने पाणी सोड. कंप्रेसरचा जोर लावलास तर कॉइल फुटून गालिच्यावर कूलंट सांडेल. आत राहिलेलं पाणी हलकेच फुंकून काढ आणि कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भर. ते साधारण उणे 37 पर्यंत टिकतं. नुसतं कूलंट भरलं तर जास्त चांगलं, असं कोणी सांगेल. उलट आहे. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे 13 च्या आसपासच गोठतं.

भरल्यावर हवा काढायला विसरू नकोस. दोन्ही पाइप गार राहण्याचं ते नेहमीचं कारण. गाडीचं तोंड चढाकडे, झाकण उघडं, हीटर पूर्ण गरमवर, गार इंजिन सुरू करून बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं भरत जा. बुडबुडे थांबतच नसतील, वर कूलंट रोज कमी होत असेल, तर हेड गॅस्केट बघायला लागेल. मग गाडी चालवू नकोस, मला फोन कर.

काढलेलं कूलंट बादलीत धर, जमिनीवर सोडू नकोस. चवीला गोड लागतं आणि गल्लीतली कुत्री ते पिऊन मरतात.

वॉल निघाला तर त्यावर कोरलेला आकडा आणि तबकडीचा व्यास कळव. त्याच मापाचा वॉल, गॅस्केट आणि रेडिएटरचं नवं झाकण इथून पाठवतो. वॉल नसून हाउसिंग नुसतं रिकामंच निघालं, तर त्याच्या खाचेचा पट्टी ठेवून फोटो पाठव.

तुझे
बाबा