सामना व्हावा की नाही, हे कोणाला विचारलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठी दुर्घटना घडली की वाचकांच्या पत्रांत एक वाद हमखास सुरू होतो. ठरलेले सामने खेळवायचे की रद्द करायचे? एक म्हणतो, माणसं गेली आहेत आणि तुम्हाला खेळ सुचतोय? दुसरा म्हणतो, किती दिवस सगळं बंद ठेवणार? मी नोकरीभर शाळेत खेळ शिकवला आणि कबड्डीची पंच म्हणून मैदानावर उभी राहिले. दोन्ही बाजूंची पत्रं वाचताना मला एकच गोष्ट खटकते. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं आणि ज्यांना प्रत्यक्ष मैदानात उतरायचं आहे, त्यांना कोणी विचारलं का, हे त्यांत कुठेच नसतं. माझं मत सरळ आहे. आधी खेळ थांबवा. मग या दोघांना विचारा. ते काय म्हणतात त्यावर पुढची तारीख ठरवा.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. एका आंतरशालेय निवड स्पर्धेच्या तोंडावर एका शाळेच्या बसला अपघात झाला. त्यात मुली दगावल्या. त्याच शाळेचा मुलींचा संघ उपांत्य फेरीत होता. संयोजकांचा निरोप आला की निवड यादी वेळेत वर पाठवायची आहे, तारीख हलणार नाही, संघ आला नाही तर समोरच्यांना पुढे चाल मिळेल. मुली आल्या. काळ्या फिती, मौन, नाणेफेक, सगळं रीतसर झालं. सुरुवातीच्याच एका चढाईत त्यांची एक मुलगी बोनस रेषेपर्यंत गेली आणि तिचा दम तुटला. हुंदका आला होता तिला. नियमाप्रमाणे दम तुटला की चढाई करणारी बाद. पण समोरच्या संघाच्या डाव्या कोपऱ्यातल्या मुलीने तिची पकड केली नाही, तिला जवळ घेतलं. मी शिट्टी वाजवली, सामना थांबवला आणि टेबलाशी जाऊन सांगितलं की हा सामना मी पुढे चालवणार नाही. बरीच वादावादी झाली. शेवटी दोन्ही प्रशिक्षकांनी सह्या करून मुदत मागितली आणि जी तारीख हलणारच नव्हती, ती एका आठवड्याने हलली. निवड यादीही वेळेत गेली. तेव्हापासून ‘वेळापत्रक बदलता येत नाही’ या वाक्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

मोठ्या स्पर्धांतही हेच दिसतं. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या 22 नोव्हेंबर 1963 ला, शुक्रवारी झाली. तिथल्या व्यावसायिक फुटबॉलच्या एनएफएल या संघटनेने रविवारचे सगळे सामने खेळवले. संघटनेचे प्रमुख पीट रोझेल यांनी निर्णयाआधी सल्ला घेतला नव्हता असं नाही. केनेडींचे प्रसिद्धी सचिव पिअर सॅलिंजर हे त्यांचे कॉलेजचे सोबती, त्यांना फोन करून विचारलं होतं. ते खेळा म्हणाले. पण ज्यांना खेळायचं होतं, त्या खेळाडूंपैकी कितीतरी जणांचं मन त्या दिवशी मैदानावर नव्हतं. प्रतिस्पर्धी संघटनेने, एएफएलने, आपले सामने पुढे ढकलले होते. कारकिर्दीतली सगळ्यात मोठी खंत म्हणून रोझेल पुढे याच निर्णयाचा उल्लेख करत. 2001 मध्ये 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर त्याच एनएफएलने त्या आठवड्याचे सामने पुढे ढकलले, आणि त्यात न्यूयॉर्कच्या खेळाडूंनी ‘आम्ही खेळणार नाही’ असं उघडपणे सांगण्याचा मोठा वाटा होता. अडतीस वर्षांनी का होईना, खेळाडूंचं म्हणणं मोजलं गेलं.

यावर कोणी म्हणेल, खेळाडू तर भावनेच्या भरात नेहमी नकोच म्हणतील. तसं होत नाही. माझ्या शाळेजवळच्या कामगार वस्तीतल्या कारखान्यात स्फोट झाला, त्यानंतरचा अनुभव सांगते. वस्तीतल्या मुलांचा संघ चांगला होता. आम्ही शिक्षकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की यंदा संघ उतरवायचा नाही. दहावा-बारावा झाल्यावर मुलंच शाळेत आली. त्यांत वडील गमावलेला एक जण होता, काका गमावलेला एक होता. म्हणाली, “बाई, घरी बसवत नाही. आम्हाला खेळू द्या.” घरच्यांना विचारलंत का, असं मी विचारलं, तर एकाची आई दारातच उभी होती. तिनेच त्याला पाठवलं होतं. संघ उतरला. कितव्या फेरीत हरला ते महत्त्वाचं नाही. रोज संध्याकाळी दीड तास ती मुलं माणसांत होती, पळत होती, एकमेकांवर ओरडत होती, आणि हे त्यांच्या घरच्यांना हवं होतं. आम्ही शिक्षकांनी सहानुभूतीपोटी त्यांच्यापासून तेवढंही काढून घेतलं असतं.

म्हणूनच ‘दुःखात खेळ म्हणजे अपमान’ हा सरसकट नियम मला मान्य नाही. मुंबईवर 26 नोव्हेंबर 2008 ला हल्ला झाला तेव्हा इंग्लंडचा संघ भारतात एकदिवसीय सामने खेळत होता. उरलेले दोन सामने रद्द झाले, संघ मायदेशी गेला आणि विचार करून परत आला. कसोट्यांची ठिकाणं बदलली. 15 डिसेंबरला चेन्नईत 387 धावांचा पाठलाग करून भारत जिंकला, सचिन तेंडुलकर 103 धावांवर नाबाद राहिला आणि ते शतक त्याने मुंबईकरांना अर्पण केलं. तो विजय पाहून कोणाला अपमान झाल्यासारखं वाटलं नाही. हल्ला आणि सामना यांच्यामध्ये थांबण्याचे दिवस होते, आणि पाहुण्या संघावर कोणी पुढे चालीची धमकी लादली नव्हती.

थांबण्याचे दिवस किती असावेत याचं गणित नसतं. ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज डोक्याजवळ चेंडू लागून 27 नोव्हेंबर 2014 ला गेला. त्या दिवशी शारजात पाकिस्तान आणि न्यूझीलंड यांची कसोटी चालू होती. दुसऱ्या दिवसाचा खेळ थांबवला आणि एका दिवसाने पुन्हा सुरू केला. न्यूझीलंडच्या गोलंदाजांनी आखूड चेंडू टाकले नाहीत, बळी मिळाल्यावर जल्लोष केला नाही. सामना त्यांनी जिंकला, पण एक दिवस पुरेसा नव्हता हे त्या खेळाकडे पाहून कोणालाही कळत होतं. ऑस्ट्रेलियाने मात्र भारताविरुद्धची 4 डिसेंबरची कसोटी पुढे ढकलली. 3 तारखेला ह्यूजचे अंत्यसंस्कार होते, संघातले बहुतेक जण त्याचे सहकारी होते. मालिका 9 डिसेंबरला ॲडलेडला सुरू झाली. मला हा दुसरा मार्ग योग्य वाटतो. निदान अंत्यसंस्कार होईपर्यंत चेंडू हातात घेऊ नये.

आणि कधी कधी सामना न होणं हेच बरोबर असतं. 2019 च्या मार्चमध्ये न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला झाला. त्यांतल्या एका मशिदीत बांगलादेशचा क्रिकेट संघ नमाजाला निघाला होता आणि थोडक्यात वाचला. दुसऱ्या दिवशी सुरू होणारी कसोटी दोन्ही मंडळांनी मिळून रद्द केली. ब्राझीलच्या शापेकोएन्से या फुटबॉल क्लबचं विमान 2016 मध्ये कोसळलं, बहुतेक संघच गेला. लीगचा शेवटचा सामना बाकी होता. तो खेळायला दोघांपैकी एकही संघ मैदानात आला नाही. दोघांच्या नावावर हार लिहिली गेली आणि त्याबद्दल प्रतिस्पर्धी क्लबने तक्रार केली नाही. ज्या संघाविरुद्ध शापेकोएन्से दुसऱ्या एका स्पर्धेची अंतिम फेरी खेळायला निघाला होता, त्या कोलंबियाच्या संघाने तर करंडकही त्यांनाच द्या अशी विनंती केली, आणि तो त्यांना मिळाला. गुणतक्त्यातल्या दोन गुणांपेक्षा मोठं काही असतं हे खेळाडूंना कळतं. कळत नाही ते तक्ता करणाऱ्यांना.

एका बाबतीत मात्र विचारण्याचाही प्रश्न येत नाही. बचाव आणि मदतीचं काम चालू असेल तर सामना होताच कामा नये. मोठ्या सामन्याला पोलीस लागतात, रुग्णवाहिका लागते, डॉक्टर, जनरेटर, पाणी लागतं. 2012 मध्ये सँडी वादळानंतर न्यूयॉर्कची मॅरेथॉन आधी घ्यायचंच ठरलं होतं. शर्यत सुरू व्हायची होती स्टेटन आयलंडवर, जिथे वादळाने सगळ्यात जास्त बळी घेतले होते. शहराचा मोठा भाग अंधारात, आणि शर्यतीच्या मंडपासाठी जनरेटर उभे. लोक संतापले, तेव्हा शर्यतीच्या दोन दिवस आधी ती रद्द झाली. तोवर हजारो धावपटू शहरात येऊन पोचले होते. निर्णय तीन दिवस आधी झाला असता तर त्यांचेही हाल वाचले असते.

आता मौनाबद्दल, कारण त्याचं घड्याळ माझ्या हातात असायचं. दोन मिनिटं जाहीर होतात. मिनिटभरातच टेबलावरून हात हलू लागतो, आटपा, पाहुण्यांना निघायचंय. मी कधी आटपलं नाही, त्याबद्दल बोलणीही खाल्ली. मौनाला माझा विरोध नाही. पण मौन पाळलं म्हणजे आता खेळायला मोकळे, ही समजूत वाईट आहे. म्युनिकच्या 1972 च्या ऑलिंपिकमध्ये अकरा इस्रायली खेळाडू, प्रशिक्षक आणि पंच मारले गेले. स्टेडियममध्ये स्मरणसभा झाली आणि तिथेच ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांनी स्पर्धा चालूच राहणार असं जाहीर केलं. त्या कुटुंबांनी त्यानंतर एक मागणं लावून धरलं, उद्घाटन सोहळ्यात आमच्या माणसांसाठी क्षणभर स्तब्धता पाळा. ती पाळली गेली 2021 मध्ये, टोकियोत. एकोणपन्नास वर्षं लागली. स्पर्धा थांबवायला हवी होती की नको यावर मतं वेगळी असतील, पण त्या बायकामुलांना वेळेवर विचारायला कोणाचं काय बिघडलं असतं?

पुढे ढकलण्याचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. मैदान आखणारे, मंडप घालणारे, रोजंदारीवर काम करणारे मदतनीस यांचा दिवस बुडतो. लांबून आलेल्या संघांचं येणं-जाणं दुप्पट होतं. हा भार दुःखात असलेल्या संघाच्या माथी मारणं अन्याय आहे. स्पर्धेच्या अंदाजपत्रकात पाऊस धरून राखीव दिवस ठेवता येतो, तर याही कारणासाठी ठेवता येईल, आणि रोजंदारीवाल्यांना त्या दिवसाची मजुरी द्यावी.

सगळ्या गोंधळाचं मूळ असं की दुर्घटना झाल्यावर माणसं नियम शोधायला बसतात आणि नियमपुस्तिकेत काहीच सापडत नाही. मग ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं. आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे की हंगाम सुरू होण्याआधी, सगळं शांत असताना, स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांना विचारा: तुमच्या पुस्तिकेत हे कलम आहे का? नसेल तर त्यात निदान एवढं यावं, की शोकात असलेल्या संघाने मुदत मागितली तर ती मिळेल, त्याच्याविरुद्ध पुढे चाल दिली जाणार नाही. एखाद्या खेळाडूला खेळायचं नसेल तर त्याची जागा पुढच्या सामन्यासाठी राखली जाईल. आणि मृतांच्या कुटुंबांशी बोलायला कोणी जायचं, हे आधीच ठरलेलं असेल. तो माणूस शक्यतो पदाधिकारी नसावा, त्या मुलांना शिकवणारा असावा. उत्तरं आली की ती छापा. ज्यांची आली नाहीत, त्यांचीही यादी छापा.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका व कबड्डी पंच