लुसर्नच्या गोल चित्राबद्दल

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर वैतागली होतीस. "बाबा, शिकले चित्रकला आणि करते काय, तर स्टुडिओत कॉम्प्युटरवर सीनमधले मागचे सैनिक कॉपी-पेस्ट. त्यातही माझं नाव कुठं येणार नाही." फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

युरोपच्या टूरमध्ये स्वित्झर्लंडमधल्या लुसर्नला सिंहाचं शिल्प दाखवलं आणि सगळ्यांना घड्याळं-चॉकलेटं घ्यायला मोकळं सोडलं. मी तुझ्या आईला ओढत शेजारच्याच बुर्बाकी पॅनोरमात नेलं. ती कुरकुरली, पण आली. अंधाऱ्या वाटेनं वर गेलो आणि एकदम चहूबाजूंनी बर्फ! मधल्या चौथऱ्यावर आपण, भोवती गोल फिरलेलं एकच चित्र. लांबी शंभर मीटरच्या वर, उंची दहा. उजेड वरून येतो, पण चौथऱ्यावर छत असल्यामुळे तो कुठून येतो ते कळत नाही. चित्राच्या पुढ्यात खरी माती, खऱ्या वस्तू, माणसांचे पुतळे. खरं कुठं संपलं आणि रंग कुठं सुरू झाला, हे मी चाळीशी पुसून पुसून शोधत होतो.

अशा गोल चित्रांचं, म्हणजे पॅनोरमांचं, पेटंट रॉबर्ट बार्करनं 1787 सालीच घेतलं होतं. पुढं शंभरेक वर्षं युरोपात तिकीट लावून ती दाखवली जात. लढाई हा हुकमी विषय, आणि लढाई म्हणजे बहुतेक वेळा आपल्या बाजूचा विजय. 1870-71 च्या युद्धात जर्मनांनी फ्रेंचांना हरवलं, तर 1883 मध्ये बर्लिनला सेदानच्या लढाईतल्या विजयाचा पॅनोरमा उघडायला खुद्द सम्राट हजर.

लुसर्नचं चित्रही त्याच युद्धाचं. पण यात लढाई संपलेली आहे. बेल्फोर या फ्रेंच शहराला पडलेला जर्मन वेढा उठवायला गेलेली जनरल बुर्बाकीची फ्रेंच फौज हरली आणि हिवाळ्यात स्विस सरहद्दीपर्यंत रेटली गेली. फेब्रुवारी 1871 च्या पहिल्या तीन दिवसांत सुमारे 87,000 माणसं सरहद्द ओलांडून आली. हत्यारं टाका आणि आत या, असा करार होता. चित्रात दिसतं ते हेच: ले व्हेरिएर या सरहद्दीवरच्या गावाजवळच्या रस्त्यालगत बंदुकांचे ढीग, उपाशी घोडे, काही मरून पडलेले, आणि गावातली माणसं या परक्या शिपायांना आधार देताहेत.

काढणारा जिनिव्हाचा एदुआर कास्त्र. हा माणूस रेडक्रॉसचा स्वयंसेवक म्हणून त्याच फौजेबरोबर होता. ती थंडी त्यानं स्वतः सोसलेली. दहा वर्षांनी, 1881 मध्ये, जिनिव्हात त्यानं हे चित्र उभं केलं आणि रेडक्रॉसच्या गाडीजवळ स्वतःलाही काढलं. गर्दीतला एक. कुणी सांगितल्याशिवाय माझं तरी लक्ष गेलं नसतं.

आता आपल्या धंद्याचं सांगतो. थिएटरसाठी चाळीस फुटी हिरो रंगवताना आम्ही चौकटी आखून फोटो मोठा करायचो आणि डोळा चुकतोय वाटलं की परांचीवरून उतरून रस्त्यापलीकडं जाऊन बघायचो. इथं पलीकडं जायला रस्ताच नाही. बघायची जागा एकच, मधोमध. त्यात गोल टांगलेलं कापड मध्ये पोटाशी आत ओढलं जातं. अशा कापडावर सरळ रेघ ओढली तर चौथऱ्यावरून ती वाकडी दिसणार, म्हणजे सरळ दिसायची ती वाकडी काढायची. हे एकट्याचं काम नव्हेच. कास्त्रच्या हाताखाली चित्रकारांची एक टोळीच होती. त्यात एक पोरगा होता फर्डिनांड होडलर. वय अठ्ठावीसच्या आसपास, म्हणजे तुझ्याएवढाच. तो पुढं स्वित्झर्लंडचा सगळ्यात मोठा चित्रकार झाला. तू होशीलच असं मी म्हणत नाही, हं. पण त्यानंही आधी दुसऱ्याच्या चित्रात शिपाई भरले होते.

मला अडकवलं ते एका गोष्टीनं. एवढी हजारोंची फौज, पण गठ्ठ्यानं काढलेली नाही. कुणी गुडघ्यात मान घातलीय, कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर रेललाय, प्रत्येकाची दमणूक वेगळी. हे कॉम्प्युटरला येत नाही म्हणून मी सांगत नाही, तुमच्या कॉम्प्युटरला सगळं येतं. पण त्याला कुणी सांगायचं की हा शिपाई लंगडतोय? ते तू सांगायचंस. शंभरातले दहा तरी स्वतः काढ आणि बाकीचे कॉपी कर, कोण अडवतंय?

नावाचं म्हणशील तर तुझा राग रास्त आहे. काम केलं तर यादीत नाव यायला हवं, ते भांडून माग. आम्ही कधी मागितलं नाही, म्हणून तुम्हीही मागू नये असं थोडंच आहे?

आणि चित्राचे पुढं हाल झाले ते वेगळेच. 1889 मध्ये ते लुसर्नला आलं, मग इमारतीत मोटारींचं गॅरेज निघालं आणि जागेसाठी वरचं आकाशच कापून टाकलं. मूळ चित्र चौदा मीटर उंच होतं. आकाश कापणाऱ्याचा मला अजून राग येतो. आता डागडुजी करून नीट जपलंय, खाली वाचनालयही आहे.

तुझ्या आईनं मेतकूट आणि तांबड्या रश्श्याचा मसाला पाठवलाय, मंगळवारपर्यंत पोचेल. सीनचे दोन-चार फोटो पाठवता येत असतील तर पाठव. स्टुडिओचा नियम असेल तर राहू दे, नुसतं कागदावर शिपाई काढून पाठव.

तुझे,
बाबा